आतड्यातील शेजारी आणि शरीराची संरक्षणव्यवस्था

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ओडिशातील १४९ खेड्यांतून नवजात बालकांवर एक मोठी वैद्यकीय चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’ या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. पिनाकी पाणिग्रही हे या कार्याचे प्रमुख होते. ४,५५६ बालकांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. ही सर्व बालके जन्मतः निरोगी होती, त्यांचे वजन किमान दोन किलो होते आणि ती अंगावर पीत होती. एका गटातील बालकांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, सलग सात दिवस, एका उपकारक जंतूची मात्रा तोंडावाटे देण्यात आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हे त्या जंतूचे नाव. जंतूचे खाद्य म्हणून एक वनस्पतिजन्य शर्कराही त्यात मिसळलेली होती. दुसऱ्या गटाला दिसण्यात तशीच, परंतु जंतुविरहित पूड मिळाली. पुढे जन्मापासून साठ दिवसांपर्यंत दोन्ही गटांवर लक्ष ठेवण्यात आले. जंतुदोषाने गंभीर आजारी पडणे अथवा दगावणे यांचे एकत्रित प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा ९ भरले. पहिल्या गटात ते शेकडा ५.४ इतकेच होते. फरक इतका स्पष्ट होता की, ठरलेली संख्या पूर्ण होण्याआधीच चाचणी थांबविण्यात आली.

या आकड्यांत एक गोष्ट मोठी विचार करायला लावणारी आहे. जुलाब कमी झाले असते तर त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. परंतु या बालकांमध्ये श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील, म्हणजे छातीचे, विकारही सुमारे एक तृतीयांशाने घटले. जंतू दिला तोंडावाटे, तो राहिला आतड्यात. मग संरक्षण फुफ्फुसाला कसे मिळाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम या अदृश्य वस्तीची ओळख करून घेतली पाहिजे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी. जंतू माणसाच्या पेशींच्या दहापट आहेत असे पूर्वी सांगितले जाई. ते बरोबर नव्हते. पण जवळजवळ बरोबरीचे म्हणता येतील एवढे तर ते आहेतच. यांपैकी बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात वस्ती करून असतात, आणि सर्वांचे मिळून वजन पावशेराच्या आतबाहेर भरते.

ही एवढी प्रचंड वस्ती आणि माणसाचे रक्त यांच्यामध्ये भिंत किती जाडीची असावी? फक्त एका पेशीची. आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचे लेपन. हा थरही कायमचा नसतो, तो दर तीन ते पाच दिवसांनी नवा होत असतो. त्वचेला बाहेरच्या जगापासून रक्षण करण्यासाठी कातड्याचे अनेक थर निसर्गाने दिले. आतड्याला मात्र अन्न शोषून घ्यावयाचे असल्याने पातळ राहणे भाग पडले. अशा नाजूक सीमेवर पहारा कडक असणारच. शरीरातील संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत तैनात असतो. योहान पायर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये लहान आतड्यातील ज्या पुंजक्यांचे वर्णन केले, ती या पहारेकऱ्यांची ठाणीच होत. येथे दररोज काही ग्रॅम प्रतिपिंडे तयार होऊन आतड्याच्या पोकळीत सोडली जातात.

आता अडचण अशी की, पहारा कडक असणे पुरेसे नाही. नव्या गावी बदलून आलेल्या फौजदाराची कल्पना करावी. बाजाराच्या दिवशी चौकात हजार माणसे जमलेली पाहून त्याने सरसकट लाठीमार केला तर चोर एखादा सापडेल, पण बाजार उद्ध्वस्त होईल आणि फौजदाराचे शिपाईही थकतील. जाणता अंमलदार गावातील माणसे ओळखतो, कोण भाजीवाला, कोण भांडकुदळ, आणि कोण खरोखर दरोडेखोर. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे नेमके हेच आहे. ती जेव्हा हल्ला चढविते तेव्हा त्या जागी रक्त धावून येते, ऊब वाढते, सूज येते, दुखते. यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात उपकारक आहे. काटा रुतल्यावर बोट सुजते ते जखम बरी व्हावी म्हणून. परंतु कारण नसताना किंवा कारण संपल्यावरही दाह धुमसत राहिला, तर दमा, आतड्याचे जुनाट व्रण, सांधेवात, बालपणी होणारा मधुमेह असे विकार त्यातून उद्भवू शकतात. तेव्हा लढण्याइतकेच आवरणे हेही संरक्षणव्यवस्थेने शिकावे लागते. हे शिक्षण ती कोणाकडून घेते? बऱ्याच अंशी आतड्यातील जंतूंकडून, असे आता निश्चितपणे म्हणता येते.

गंमत अशी की, या विषयाच्या दोन्ही टोकांना एकाच शास्त्रज्ञाने हात घातला होता. एली मेचनिकॉफ याने १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिले आणि काट्याभोवती भटक्या पेशी जमतात हे दाखवून दिले. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या शोधाबद्दल त्यास १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिश यांच्याबरोबर विभागून मिळाले. उत्तर आयुष्यात तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोठ्या आतड्यातील जंतूंच्या मागे लागला. बल्गेरियातील शेतकरी आंबवलेले दूध पिऊन दीर्घायुषी होतात असे त्याचे मत होते आणि तो स्वतःही ते नित्यनेमाने पीत असे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरात जेवणानंतरच्या ताकाला कोणा नोबेल विजेत्याच्या शिफारशीची गरज कधी पडली नव्हती, हे खरे. पण मेचनिकॉफच्या दृष्टीने मोठ्या आतड्यातील जंतू हे प्रामुख्याने विष निर्माण करणारे शत्रूच होते. आपण शोधलेल्या संरक्षक पेशींना हेच जंतू शिकवीत असतील, अशी शंका त्यास आलेली दिसत नाही.

ती शंका येण्यास जंतूंवाचून वाढलेले प्राणी हाती यावे लागले. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून असे प्राणी बंद पेट्यांतून, गाळलेली हवा व निर्जंतुक केलेले अन्न देऊन वाढविण्यात येऊ लागले. जंतूंपासून संपूर्ण मुक्त असा उंदीर अतिशय सुदृढ असेल, अशी कोणाचीही कल्पना होईल. प्रत्यक्षात उलट दिसून आले. त्याच्या आतड्यातील पायरचे पुंजके खुरटलेले, प्रतिपिंडे अत्यल्प, आणि वजन टिकविण्यासाठी त्याला इतर उंदरांपेक्षा अधिक अन्न लागते. पेटीतून बाहेर काढल्यावर तो किरकोळ जंतुदोषालाही बळी पडतो. शत्रू कधी पाहिलाच नाही अशी ही फौज, कवायतीवाचून राहिलेली.

आवरण्याच्या शिक्षणाचा उलगडा त्यानंतर बराच काळाने झाला. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये अशा एका पांढऱ्या पेशीचा प्रकार दाखवून दिला, की जिचे काम लढण्याचे नसून लढणाऱ्या इतर पेशींना थोपविण्याचे आहे. २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच विषयाबद्दल देण्यात आले. या आवर घालणाऱ्या पेशी आतड्यात विपुल का असतात? याचा शोध जपानमध्येच केन्या होंडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. क्लॉस्ट्रिडिया या वर्गातील काही निरुपद्रवी जंतू निर्जंतुक उंदरांत सोडले असता या पेशींची संख्या भराभर वाढते, असे त्यांनी २०११ मध्ये सिद्ध केले. धनुर्वाताचा जंतू याच कुळातील आहे; पण कुळ एक म्हणून सर्वांना गुन्हेगार ठरविणे बरे नव्हे, हा धडा येथेही लागू पडला. २०१३ मध्ये त्यांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून असे १७ जंतू वेगळे केले, आणि ते दिल्यावर उंदरांच्या आतड्याचा दाह कमी झाला.

हे जंतू पेशींना निरोप कसा पोहोचवितात, तेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. माणसाला न पचणारा अन्नाचा जो भाग, म्हणजे कोंडा, साल, डाळी-कडधान्यांतील तंतू, तो मोठ्या आतड्यात या जंतूंच्या वाट्याला येतो. ते तो आंबवितात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी काही आम्ले तयार होतात. लोणी खवट झाल्यावर जो वास येतो तो याच आम्लाचा. आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग यातूनच मिळतो. शिवाय आवर घालणाऱ्या पेशी तयार होण्यासही ते प्रवृत्त करते. म्हणजे भाकरीतील जो कोंडा निरुपयोगी समजून चाळून टाकण्यात येतो, तो वस्तुतः या पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षणावरील खर्च आहे. फ्रान्समधील संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले होते की, क्रोन्स या आतड्याच्या दाहविकारात शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांचा आजार उलटतो, त्यांच्या आतड्यात हेच आम्ल तयार करणारा एक जंतू कमी असतो. हा जंतू कमी झाल्याने आजार उलटतो, की दाहामुळे जंतू टिकत नाही, एवढ्यावरून ठरविता येत नाही. दोन्ही खरे असण्याचा संभव आहे.

या शिक्षणाला वय असते, ही बाब ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हार्वर्ड येथे २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगात निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात आणि फुफ्फुसातही दाह निर्माण करणाऱ्या एका जातीच्या पेशी बेसुमार साचलेल्या आढळल्या. फुफ्फुसातही, हे ध्यानात ठेवावे. जन्मल्याबरोबर त्यांना सामान्य जंतूंचा सहवास मिळाला, तर या पेशी योग्य प्रमाणात राहत. तोच सहवास मोठेपणी दिला, तर काही उपयोग होत नसे. शाळेत घालावयाचे वय निघून गेले होते.

माणसांत असे प्रयोग करता येत नाहीत. पण इतिहासाने काही ठिकाणी ते आपसूक करून ठेवले आहेत. फिनलंड आणि रशियातील कारेलिया हे शेजारी प्रदेश. हवामान सारखे, लोकांचा वंशही बराचसा जवळचा. तरी बालपणी होणारा मधुमेह फिनलंडमध्ये कितीतरी पटींनी अधिक. या दोन प्रदेशांतील व एस्टोनियातील मिळून २२२ बालकांचा तीन वर्षांच्या वयापर्यंत अभ्यास करण्यात आला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंड व एस्टोनियातील बालकांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस जातीचे जंतू अधिक होते आणि त्यांच्या आवरणातील द्रव्य संरक्षक पेशींना जेमतेमच जागे करते. रशियन बालकांच्या आतड्यातील ई. कोलाय जंतूंचे द्रव्य त्यांना चांगले जागे करते, आणि त्यातून पुढे त्या नियंत्रणात राहण्यास शिकतात. यावरून अस्वच्छता चांगली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू शिकवीत नाहीत, मारतात. हागणदारीमुक्त गाव आणि शुद्ध पाणी यांना पर्याय नाही.

बाळाला हे शेजारी मिळतात कोठून? प्रथम आईकडून, प्रसूतीच्या वेळी. इंग्लंडमधील ५९६ बालकांच्या पाहणीत (२०१९) शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकांच्या आतड्यात आईकडील जंतूंऐवजी रुग्णालयाच्या वातावरणातील जंतू अधिक सापडले. पुढील काही महिन्यांत हा फरक बराचसा भरून येतो. शस्त्रक्रिया ही अनेकदा आई व मूल या दोघांचे प्राण वाचविते; ती टाळण्यासाठी हे कारण पुढे करणे धोक्याचे होईल.

दुसरा आणि अधिक हाती असलेला मार्ग आईच्या दुधाचा. या दुधात दोनशेच्या घरात अशा शर्करा आहेत की ज्या बाळाला मुळी पचतच नाहीत. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल दुधातील घन पदार्थांत त्यांचेच प्रमाण अधिक. आई स्वतःच्या शरीरातून एवढा खर्च करून बाळाला न पचणारी वस्तू का पुरविते, हे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सुटले नव्हते. ते अन्न बाळासाठी नाहीच. ते बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियम या जंतूसाठी आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर चिकाच्या दुधात तर या शर्करांबरोबर आईची तयार प्रतिपिंडेही भरपूर असतात. हेच दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची आणि त्याऐवजी मध, गूळपाणी किंवा गुटी चाटविण्याची चाल अद्याप अनेक घरांतून आहे. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा हेतू वाईट नसतो. परंतु सासूबाईंशी वाद घालून ही चाल मोडत नाही. त्यांनाच विश्वासात घ्यावे लागते, हा आशा कार्यकर्तींचा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. देशात शेकडा ८८.६ प्रसूती रुग्णालयात अथवा आरोग्य केंद्रात झाल्या. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके मात्र शेकडा ४१.८. मूल डॉक्टर व परिचारिका यांच्या देखत जन्माला येते आणि तरीही निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत तो पहिला तास हातचा जातो. याचा दोष केवळ घरच्या रूढीवर टाकता येणार नाही.

आता ओडिशाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. आतड्यात शिकलेल्या संरक्षक पेशी तेथेच बसून राहत नाहीत. त्या रक्तातून सर्वत्र संचार करतात. जंतूंनी तयार केलेली द्रव्येही रक्तात उतरतात. तेव्हा आतड्यातील सहवासाचा लाभ छातीला मिळणे हे उंदरांवरील प्रयोगांशी सुसंगत आहे. यात आतड्याची भिंत भक्कम झाल्याने रक्तात शिरणारे जंतू कमी झाले असणे, हेही एक कारण संभवते. तथापि, या चाचणीत मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत अल्प होती; आजार घटले हा तिचा मुख्य निष्कर्ष. अन्य प्रदेशांत, अन्य आहारावर वाढलेल्या मातांच्या बालकांत हाच जंतू असेच काम करील, असे गृहीत धरता येत नाही.

यास्तव औषधाच्या दुकानातून ‘चांगले जंतू’ म्हणून मिळणारी पूड आणून कोणी तान्ह्या बाळाच्या तोंडात घालू नये. ओडिशात वापरलेला जंतू शेकडो जंतूंतून पारखून घेतलेला होता; दुकानातील पूड निराळी. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०२३ मध्ये, अशा जंतूंमुळेच रक्तदोष होऊन एक अपुऱ्या दिवसांचे बालक दगावल्यावर, रुग्णालयांना जाहीर इशारा दिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शेजारीही जड जाऊ शकतो.

प्रतिजैविकांच्या बाबतीत दुसऱ्या टोकाला जाण्याचाही मोह टाळला पाहिजे. ही औषधे शत्रू आणि शेजारी असा भेद करीत नाहीत. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ती घेतल्याने पडसे जात नाही, आतड्यातील वस्ती मात्र विस्कटते आणि औषधाला न जुमानणारे जंतू माजतात. म्हणूनच अनेक प्रतिजैविके मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीखाली आणण्यात आली; डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकणे व त्यांची नोंद न ठेवणे हा नियमभंग आहे. पण खरा जंतुदोष झालेल्या बाळाला प्रतिजैविक वेळेवर न मिळणे हा त्याहून मोठा अनर्थ. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन नवजात बालके तपासू लागल्या आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊ लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्या खेड्यांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या खेड्यांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग गार किंवा अति गरम लागू लागले, तर आतड्यातील जंतूंचा विचार करीत बसण्याची ती वेळ नव्हे.

मोठ्या माणसांच्या आहाराविषयी थोडेसेच सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी व्यक्तींवर दहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला (२०२१). दही, आंबविलेल्या भाज्या असे पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटात आतड्यातील जंतूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहदर्शक १९ प्रथिने घटली. चोथायुक्त अन्न वाढविलेल्या गटात वैविध्य तेवढ्या काळात वाढले नाही. ज्यांच्या आतड्यात आधीच विविध जंतू होते त्यांनाच त्याचा दाहाच्या दृष्टीने लाभ झाला. बियाणेच नसेल तर नुसते खत घालून पीक येत नाही, असा त्याचा अर्थ लावता येईल. प्रयोग लहान होता. पण ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, घरचे ताक आणि भिजवून आंबविलेले पीठ यांत खत आणि बियाणे दोन्ही आहेत, आणि त्यांसाठी कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही.

लसीकरणाच्या दिवशी गावातील तान्ह्या मुलांच्या आया अंगणवाडीत एकत्र येतात. त्या वेळी बाळाचे वजन होते, कार्ड भरले जाते. जन्मल्यावर बाळाच्या तोंडात सर्वप्रथम काय गेले आणि किती वेळाने गेले, हा प्रश्न त्याच बैठकीत प्रत्येक आईला विचारता येतो. त्याची उत्तरे ग्राम आरोग्य समितीच्या मासिक सभेपुढे ठेवली, तर कोणत्या रुग्णालयात पहिला तास वाया जातो आणि कोणत्या आळीत चिकाचे दूध अजून सांडले जाते, हे दोन-तीन महिन्यांतच नावानिशी कळेल.